रोजच्या वापरातल्या जुन्या हॅट: कोणती घालता आणि कशी सांभाळता?

ग्रोग्रेन (धागाकर्ता)

जुन्या हॅटचा विषय निघाला की चर्चा बहुतेकदा संग्रहाकडे वळते. कोणाकडे कोणती दुर्मिळ हॅट आहे, कोणती अजून मूळ खोक्यात आहे, कोणाच्या हॅटला हातही लागलेला नाही, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. हा धागा त्यासाठी नाही. घराबाहेर पडताना जिच्याकडे आपला हात आपसूक जातो, जी ऊन, वारा आणि घाम सोसते आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यावर चढते, अशा हॅटविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझी रोजची हॅट म्हणजे मध्यम तपकिरी रंगाचा फेडोरा, म्हणजे माथ्यावर लांब घडी आणि पुढे दोन चिमटे असलेली मऊ हॅट. तिचे फेल्ट, म्हणजे तंतू दाबून-आटवून केलेले जाड कापड, सशाच्या केसांचे आहे, माथा उंच आहे आणि काठ अडीच इंचांहून थोडा रुंद आहे. आतली चामडी पट्टी खाली उलटली की मागे कामगार संघटनेचे कागदी लेबल दिसते. त्यावरच्या नावात हॅट बनवणाऱ्यांबरोबर टोप्या आणि स्त्रियांच्या हॅट बनवणाऱ्या कामगारांचाही उल्लेख आहे. अमेरिकेतली ही एकत्रित संघटना १९३४ साली स्थापन झाली, त्यामुळे हॅट त्याआधीची असू शकत नाही. माथ्याची उंची, काठाची रुंदी आणि रिबनचा प्रकार पाहता ती चाळीसच्या दशकातली असावी असे मी धरून चालतो. साठच्या दशकाकडे जाताना माथे बसके होत गेले आणि काठ दोन इंचांच्या आत आले. त्यामुळे हॅट हातात घेतली की निदान दशकाचा अंदाज पुष्कळदा बांधता येतो.

माझे मत आधीच स्पष्ट करतो, म्हणजे चर्चेला धार येईल. चांगले जुने फेल्ट वापरात असेल तरच चांगले राहते. रोज घातली जाणारी हॅट रोज हाताळली जाते, तिच्यावर रोज ब्रश फिरतो, तिच्यात कसर शिरली तर ती त्याच आठवड्यात दिसते. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या हॅटचे तसे नसते. आपली हॅट कोणती, कोणत्या काळातली, डोक्यावर नीट बसावी म्हणून काय केले आणि पावसात तिचे काय करता, हे सविस्तर लिहावे.

शिशिर

माझी निवड होम्बर्ग. काळपट राखाडी, काठ चहूबाजूंनी वर वळलेला आणि रेशमी फितीने बांधलेला, माथ्यावर मधोमध एकच खोल घडी, बाजूंना चिमटे नाहीत. ही हॅट जर्मनीतल्या बाड होम्बर्गहून इंग्लंडमध्ये आणून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती तेव्हाच्या युवराजांनी, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड झालेल्या राजांनी. त्यानंतर ती मुत्सद्द्यांची हॅट झाली. ब्रिटिश राजकारणी अँथनी ईडन ती इतक्या सातत्याने वापरत की तिला त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ च्या शपथविधीला टॉप हॅटऐवजी, म्हणजे उंच नळकांड्यासारख्या औपचारिक हॅटऐवजी, होम्बर्गच घातली होती.

एवढा औपचारिक वारसा असलेली हॅट रोज कशी घालता, असे मला नेहमी विचारले जाते. माझा अनुभव असा आहे की होम्बर्गला साधा लांब कोट पुरतो. अडचण पोशाखाची येत नाही, काठाची येते. फेडोराचा काठ पुढून खाली वाकवून डोळ्यांवर सावली घेता येते, तसे होम्बर्गचे करता येत नाही. तिचा काठ तापवून, दाबून त्या वळणात बसवलेला असतो आणि तो एकदा मोडला की घरच्या घरी पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मी ती काठाला धरून उचलतो, पण वळण दाबत नाही. कडेची फीत आधी कपाळासमोर झिजते, कारण हात तिथेच लागतो. माझ्या हॅटवर त्या जागी रेशमाचा धागा झिजून खालचा कापसाचा धागा दिसू लागला आहे. तेवढ्यासाठी फीत बदलण्याचा माझा विचार नाही.

ऊनसावली

धाग्याबद्दल मनापासून आभार, ग्रोग्रेन. मी स्त्री आहे आणि रोज पुरुषी बनावटीचा फेडोरा घालते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण फेडोरा लोकप्रिय झाला तोच सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीमुळे. १८८२ साली तिने ज्या नाटकात तो घातला, त्या नाटकानंतर तो प्रथम स्त्रियांनी उचलला आणि पुरुषांकडे पुढे गेला. पुरुषांच्या हॅटवर रिबनची गाठ डावीकडे असते आणि स्त्रियांच्या हॅटवर बहुधा उजवीकडे. माझी गाठ डावीकडे आहे आणि ती तशीच राहील.

मला लिहायचे आहे ते मापाविषयी, कारण जुन्या हॅट आवडणारे निम्मे लोक तिथेच हार मानतात. डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या थोडे वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फीत फिरवून मोजावा. फीत आवळू नये. ५७ सेंटिमीटर घेर आला तर अमेरिकी माप ७⅛ आणि ब्रिटिश माप ७ होते. हे आकडे गूढ वाटतात, पण घेर इंचांत घेऊन त्याला π ने (सुमारे ३.१४ ने) भागले की अमेरिकी मापाच्या अगदी जवळचा आकडा येतो. म्हणजे डोक्याचा घेर पूर्ण गोल असता तर त्याचा जो व्यास झाला असता, ते हे माप. अब्राहम लिंकन यांची शेवटच्या रात्रीची टॉप हॅट स्मिथसोनियन संस्थेत जपलेली आहे, तिचेही माप ७⅛ आहे. इतक्या उंच माणसाचे डोके माझ्या मापाचे होते, हे वाचल्यापासून मापांकडे बघण्याची माझी भीड चेपली.

जुनी हॅट थोडी मोठी असेल तर काळजीचे कारण नाही. चामडी पट्टी उलटून तिच्यामागे फोमची किंवा फेल्टची पातळ पट्टी बसवावी. आधी फक्त कपाळाच्या दोन्ही बाजूंना बसवून पाहावी, कारण पूर्ण घेर भरला तर हॅट डोक्यावर तरंगल्यासारखी बसते. हॅट लहान असेल तर मात्र सावध राहावे. जुनी चामडी पट्टी कोरडी पडून आकसलेली असते आणि जोर लावून ताणली की मागच्या शिवणीत फाटते. पट्टी फाटली की ती हॅट रोजच्या वापरातून गेली.

नवी_पालवी

मी आजवर एकही जुनी हॅट घेतलेली नाही, पण हा धागा वाचून घ्यावीशी वाटते आहे. फेल्ट केसांचे आहे की लोकरीचे, हे नुसत्या हाताने कसे ओळखावे? आणि हा फरक रोजच्या वापरात खरोखर जाणवतो का?

ग्रोग्रेन

नवी_पालवी, हा फरक फार मोठा आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

सशाच्या, रानसशाच्या किंवा बीव्हरच्या अंगावर वरचे राठ केस असतात आणि त्यांच्याखाली अत्यंत बारीक, मऊ लव असते. चांगले फेल्ट त्या लवेचे होते. तिच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि दाब यांच्यामुळे तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत. सुरुवातीला तंतूंचा एक मोठा, विरळ शंकू तयार करतात. तो पुनःपुन्हा भिजवून, गुंडाळून, दाबून आटवला जातो आणि आटता आटता घट्ट होतो. यात विणकाम नाही, शिवण नाही, डिंकही नाही. चांगल्या फेल्टची ताकद या आटण्यात असते. लोकरीचे तंतू जाड असतात आणि त्यांची वीण इतकी घट्ट बसत नाही. म्हणून लोकरीचे फेल्ट पावसात सैल पडते, नंतर आकसते आणि काठाला लाटा येतात.

आता हाताने ओळखण्याविषयी. काठ दोन बोटांत धरून हलकेच वाकवावा. केसांचे फेल्ट पातळ असूनही लगेच मूळ जागी येते आणि स्पर्शाला किंचित थंड, दाट लागते. लोकरीचे फेल्ट जाड असूनही मऊसर वाकते आणि पृष्ठभागावर खरखर जाणवते. उजेडात काठ तिरका धरून पाहिला तर चांगल्या फेल्टवर एकसारखी, एका दिशेने झोपलेली बारीक लव दिसते. आतल्या पट्टीवर उत्पादकाचे नाव आणि दर्जाचा शिक्का असेल तर काम सोपे होते. इटलीतल्या अलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ पासूनची आणि फिलाडेल्फियात सुरू झालेली स्टेटसन १८६५ पासूनची, अशा घराण्यांच्या जुन्या हॅट आजही भरपूर फिरत असतात. मात्र नाव पाहून घेऊ नये, फेल्ट पाहून घ्यावे. एकाच उत्पादकाने वेगवेगळ्या दर्जांच्या हॅट काढल्या होत्या आणि खालच्या दर्जाच्या मोठ्या नावापेक्षा वरच्या दर्जाचे अनोळखी नाव कितीतरी अधिक टिकते.

जुनीपेटी

धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा मला मान्य नाही आणि त्याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. मी जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम जवळून पाहिले आहे, त्यामुळे माझी दृष्टी वेगळी आहे.

पहिले कारण चामड्याचे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले जुने चामडे हवेतल्या आम्लांमुळे काळानुसार विघटित होते, त्याची लालसर भुकटी होऊ लागते. बोट फिरवले की बोटावर विटकरी रंग येतो. ही प्रक्रिया उलट फिरवता येत नाही. अशा पट्टीवर रोज घाम पडला तर उरलेले आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येते. चामडे मऊ करणारी तेले आणि मलमे लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण भुकटी होऊ लागलेल्या चामड्याला त्याने डाग पडतात, जीव परत येत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फेल्ट लवकर आटावे म्हणून केसांवर पूर्वी पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करत असत. त्याची किंमत कामगारांनी मोजली. अमेरिकेतले डॅनबरी हे हॅट बनवणारे मोठे शहर होते आणि तिथल्या कामगारांना होणारा हातापायांचा कंप त्या शहराच्या नावानेच कुप्रसिद्ध झाला. अमेरिकेत या प्रक्रियेवर बंदी आली ती १९४१ च्या डिसेंबरात. त्याआधीच्या फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश आजही सापडतो, म्हणून संग्रहालयांत अशा हॅट हातमोजे घालून हाताळतात. ज्या वस्तूला तज्ज्ञ मोकळा हात लावत नाहीत, ती रोज कपाळाला लावावी का, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारावा.

तिसरे कारण साधे आहे. तीसच्या दशकातली सुस्थितीतली हॅट आता नव्याने होणार नाही. ती घालून झिजवली तर पुढच्या पिढीतल्या कारागिराला तो माथा, ती कड, ती रिबन पाहायला मिळणार नाही.

ग्रोग्रेन

जुनीपेटी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्यातला बराच भाग मला पटतो. पाऱ्याचा मुद्दा तर या धाग्यावर यायलाच हवा होता. बंदीच्या आधीची हॅट मी स्वतः रोज वापरत नाही. माझ्या तपकिरी फेडोराचे लेबल १९३४ नंतरचे आहे एवढेच लेबलवरून सिद्ध होते, पण पट्टीवरची छपाई आणि मापाच्या चिठ्ठीची धाटणी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे, म्हणून ती मी घालतो. ज्यांच्याकडे त्याआधीच्या हॅट आहेत त्यांनी त्या बंद खोलीत वाफेवर धरू नयेत, ब्रश उघड्यावर करावा, नंतर हात धुवावेत आणि रोजच्यासाठी दुसरी हॅट निवडावी.

चामड्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. भुकटी होऊ लागलेली पट्टी वाचवता येत नाही हे खरे, पण ती बदलता येते. हॅट बनवणाऱ्यांनी मुळात तशी सोय ठेवलेली आहे. चामडी पट्टी फेल्टला थेट शिवलेली नसते. तिच्या कडेला एक बारीक नळीसारखी गोट असते आणि टाका त्या गोटीतून फेल्टमध्ये जातो. तो टाका उसवला की पट्टी मोकळी होते आणि नवी पट्टी बहुतेक त्याच भोकांतून शिवता येते. जुनी पट्टी तिच्या शिक्क्यासह कागदात गुंडाळून ठेवावी, म्हणजे हॅटची ओळख हरवत नाही. पट्ट्या, अस्तरे, रिबनी या झिजण्यासाठीच असतात, फेल्टचे संरक्षण करणे हेच त्यांचे काम आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर आपण दोघे एकमेकांना कदाचित पटवू शकणार नाही. सुस्थितीतली, मूळ खोक्यातली, न वापरलेली हॅट मीही घालणार नाही. परंतु आधीच चार मालकांच्या डोक्यावरून आलेली, रिबन विटलेली, आत कोणाची तरी आद्याक्षरे ठोकलेली हॅट कपाटात ठेवून कोणाच्या अभ्यासाला उपयोगी पडणार आहे? तिचा जन्म डोक्यावर बसण्यासाठी झाला आणि तिच्या फेल्टमध्ये अजून पुष्कळ वर्षे शिल्लक आहेत.

रानवारा

दोन्ही बाजू वाचल्या. मी मधला मार्ग सांगतो: रोजच्यासाठी पन्नाशीच्या दशकातली अमेरिकी हॅट घ्या. पाऱ्याची चिंता नाही, फेल्ट अजून चांगले असते, काठही फार अरुंद झालेला नसतो आणि त्या इतक्या मोठ्या संख्येने बनल्या की एक झिजल्याने इतिहास पुसला जात नाही.

माझी स्वतःची हॅट मात्र बोलर आहे. तिची जन्मकथा रोजच्या वापराचीच आहे. १८४९ साली लंडनच्या लॉक या दुकानाकडे, जे १६७६ पासून हॅट विकत आले आहे, कोक घराण्यातील एका गृहस्थाने आपल्या शिकाररक्षकांसाठी मागणी नोंदवली. घोड्यावरून जाताना खालच्या फांद्यांनी उंच हॅट पडत असत, म्हणून बसकी, कडक आणि डोक्याला घट्ट बसणारी हॅट त्यांना हवी होती. ती बनवली थॉमस आणि विल्यम बोलर यांनी. हॅट घ्यायला आलेल्या गृहस्थांनी ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन पाहिला, ती टिकली आणि मगच त्यांनी पैसे दिले, असे सांगतात.

हा कडकपणा लाखेपासून येतो. फेल्टमध्ये लाख मुरवलेली असते. त्यामुळे ऊनसावलीताईंनी सांगितलेली फोमची युक्ती बोलरला पूर्ण लागू पडत नाही. मऊ फेडोरा दोन आठवड्यांत डोक्याचा आकार घेतो, पण बोलर घेत नाही. ती दोन बिंदूंवर कपाळाला टोचत राहते. पूर्वी यासाठी एक सुंदर यंत्र वापरत. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये ते तयार झाले. डोक्यावर ठेवले की त्याच्या चहूबाजूंच्या पट्ट्या डोक्याच्या कडेला टेकतात आणि वर ठेवलेल्या कागदावर टाचण्यांनी डोक्याची छोटी बाह्याकृती उमटते. त्या कागदावरून साचा बसवून, हॅटची कड तापवून लाख मऊ करत आणि ती त्या साच्यावर थंड होऊ देत. ज्याने तो कागद पाहिला आहे, त्याला कोणाचेही डोके गोल नसते हे पुन्हा सांगावे लागत नाही. एक बाजू फुगीर असते, कपाळ तिरके असते, मागचा भाग चपटा असतो. हे यंत्र उपलब्ध नसेल तर कडेचा आतला भाग वाफेवर अगदी थोडा वेळ धरून, मऊ होताच डोक्यावर घालून थंड होऊ द्यावा. वाफ जास्त झाली तर लाख पृष्ठभागावर येऊन पांढुरके डाग पडतात, एवढे सांभाळावे.

दख्खनी_वारा

वाऱ्याविषयी कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण रोज हॅट घालणाऱ्याचा खरा शत्रू पाऊस नसून वारा आहे. पुष्कळ जुन्या फेडोरांवर रिबनभोवती एक बारीक लवचीक दोरी आणि तिच्या टोकाला लहान बटण असते. अनेकांना ती सजावट वाटते. ती दोरी सोडवून बटण कोटाच्या काजात अडकवायचे असते, म्हणजे हॅट उडाली तरी खांद्यापाशी लोंबकळत राहते. ज्यांच्या हॅटवर ही दोरी शाबूत आहे त्यांनी तिचा लवचीकपणा तपासावा. जुने रबर मेलेले असते, पण दोरी बदलणे अवघड नाही.

वाऱ्याच्या दिवशी मी हॅट किंचित पुढे आणि खाली ओढून घालतो. काठ पुढून खाली असला की वारा तिला दाबून बसवतो.

शिशिर

पावसाविषयी मी लिहितो. केसांच्या फेल्टला साध्या पावसाने काहीही होत नाही. खराबी होते ती नंतरच्या घाईमुळे. घरी आल्यावर पाणी झटकावे, माथ्याचे चिमटे आणि घडी बोटांनी नीट करावी, आतली चामडी पट्टी पूर्ण बाहेर उलटावी आणि हॅट त्या पट्टीवर उभी ठेवून सावलीत वाळू द्यावी. अशाने काठ अधांतरी राहतो आणि सपाट पृष्ठभागावर दबून वाकडा होत नाही. हीटर, केस वाळवायचे यंत्र, उन्हातली खिडकी यांच्यापासून ती दूर ठेवावी. उष्णतेने चामडे आकसते, चामडे आकसले की ते फेल्टला आत ओढते आणि काल बसणारी हॅट आज बसत नाही. उन्हात उभ्या गाडीत मागच्या काचेपाशी ठेवलेल्या हॅटचेही हेच होते.

पूर्ण वाळल्यावरच ब्रश करावा. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घेऊन वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, कारण लव त्याच दिशेने झोपवलेली असते. गडद आणि फिकट हॅटसाठी वेगळे ब्रश ठेवावेत.

केतकी_पान

फेल्टचे पुष्कळ झाले, माझी हॅट गवताची आहे. पनामा म्हणून ओळखली जाणारी ही हॅट इक्वेडोरची. ती टोकिया नावाच्या वनस्पतीच्या कोवळ्या पानांच्या बारीक पट्ट्यांपासून हाताने विणतात आणि या विणकामाला युनेस्कोने २०१२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पनामा कालव्याच्या कामावर १९०६ साली गेलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचे ही हॅट घातलेले छायाचित्र जगभर गेले आणि नाव पनामाचे पक्के झाले. इक्वेडोरच्या कारागिरांविषयी ज्यांना आदर आहे त्यांनी हे आवर्जून सांगत राहावे, असे मला वाटते.

हॅट उलटी करून माथ्याच्या मध्यबिंदूकडे पाहिले की तिथून विणकाम वर्तुळांनी बाहेर पसरताना दिसते. उजेडासमोर धरल्यावर वीण जितकी बारीक आणि एकसारखी दिसेल तितकी हॅट उत्तम. माझ्या हॅटमध्ये एका जागी विणणाऱ्या व्यक्तीने संपलेली पट्टी नव्या पट्टीला जोडली आहे. तो जोड नखाने चाचपडल्याशिवाय कळत नाही, मला मात्र आता तो डोळ्यांनीही सापडतो.

ही हॅट गुंडाळता येते असे सांगितले जाते. जुन्या हॅटच्या बाबतीत ते कधीही करू नये. कोरडे पडलेले तंतू घडीवर तुटतात आणि तुटलेली पट्टी पूर्ववत होत नाही. माथ्याचा पुढचा चिमटा हीच तिची सर्वांत दुबळी जागा आहे. कोरड्या हवेत मी तिच्याशेजारी ओला रुमाल ठेवते, हॅटला थेट पाणी लावत नाही.

गवताची हॅट कधी ठेवून द्यायची, यावर पूर्वी लोक फार कडक होते. न्यूयॉर्कमध्ये १५ सप्टेंबरनंतर ती घालणे गैर मानले जाई आणि १९२२ साली तर त्या तारखेच्या दोन दिवस आधीच मुलांच्या टोळ्यांनी रस्त्यात लोकांच्या हॅट हिसकावून फोडायला सुरुवात केली व दंगल अनेक दिवस चालली. मी हवामान पाहून ठरवते.

नवी_पालवी

सर्वांचे आभार. आणखी एक विचारते. एवढी उपयोगी वस्तू लोकांनी घालणे सोडलेच का? मी ठिकठिकाणी वाचले की केनेडी यांनी शपथविधीला हॅट घातली नाही आणि तिथून हॅट संपली.

रानवारा

ही गोष्ट फार पसरली आहे आणि ती खरी नाही. १९६१ च्या शपथविधीला केनेडी टॉप हॅट घेऊन आले होते, ती घातलेली त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. भाषणाच्या वेळी त्यांनी ती काढली, एवढेच. हॅटची घसरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. मला त्यातले सर्वांत मोठे कारण बंद मोटारगाडी वाटते. उघड्या रस्त्याने चालणाऱ्याला आणि ट्रामची वाट पाहणाऱ्याला डोक्यावर आडोसा लागतो. गाडीच्या छताखाली हॅट उलट अडचणीची होते, मागच्या टेकूला काठ लागतो आणि ती पुढे सरकते. त्यात युद्धावरून परतलेल्या पिढीला गणवेशाचा कंटाळा आलेला होता, असेही म्हटले जाते. तो भाग अनुमानाचा आहे, पण मोटारीचा परिणाम रोज हॅट घालणारा कोणीही मानेने अनुभवतो.

आणि एका मुद्द्यावर इतिहास आपल्याला काही सांगतो. कायदा करूनही लोकांच्या डोक्यावर टोपी ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये १५७१ साली लोकर धंद्याला आधार म्हणून रविवारी आणि सणाच्या दिवशी सामान्य पुरुषांनी इंग्लंडमध्ये बनलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे असा कायदा झाला, न घातल्यास दंड होता. १५९७ साली तो रद्द करावा लागला. टोपी मात्र राहिली, आजची चपटी कॅप तिच्याच वंशातली मानली जाते आणि ती लोक आपखुशीने घालतात.

ऊनसावली

चपट्या कॅपचा उल्लेख झाला म्हणून एक ओळ: ज्यांना फेडोराने एकदम सुरुवात करणे जड जाते त्यांनी आठ तुकड्यांची जुनी ट्वीडची कॅप घ्यावी. ती खिशात मावते, वाऱ्याला दाद देत नाही आणि तिच्या मापात थोडीफार लवचीकता असते.

जुनीपेटी

माझा आक्षेप कायम आहे, पण चर्चा इतक्या काळजीने चालली आहे की मी उपयोगी पडेल ते लिहितो. कसरीचा प्रश्न कोणी सविस्तर मांडलेला नाही.

फेल्ट खातात त्या अळ्या, पतंग नव्हे. त्यांना केसांतले केराटिन हे प्रथिन हवे असते आणि घाम किंवा तेलकटपणा लागलेली जागा त्या आधी शोधतात. म्हणूनच छिद्रे बहुधा रिबनखाली आणि चामडी पट्टीच्या मागे, अंधारात सुरू होतात. नवी घेतलेली कोणतीही जुनी हॅट इतर हॅटजवळ नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंश सेल्सियसला दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर बाष्प थेट फेल्टवर साचते. कापूर किंवा नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर विसंबू नये.

ठेवताना हॅट काठावर ठेवू नये. माथ्यावर उलटी ठेवावी किंवा काठ अधांतरी राहील अशा उंच आधारावर ठेवावी. खुंटीवर टांगल्याने माथ्यात कोंब येतो. माथ्यात आम्लरहित पातळ कागद सैल भरावा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही अस्तराला लागतात.

ग्रोग्रेन, तुम्ही जुनी पट्टी कागदात गुंडाळून ठेवता असे लिहिले आहे. तोही कागद आम्लरहित असू द्या आणि त्यासोबत हॅटचे छायाचित्र, पट्टी काढल्याची तारीख आणि टाके किती अंतरावर होते याची नोंद ठेवा. एवढे केलेत तर तुमची हॅट तुम्ही खुशाल घाला.

ग्रोग्रेन

टाक्यांच्या अंतराची नोंद ठेवण्याचे मला सुचले नव्हते, ती आजच करतो. रिबनखालची जागा तपासण्यासाठी रिबन काढावी लागत नाही. तिची वरची कड बहुतेक ठिकाणी सैल टाक्यांनी धरलेली असते, ती बोथट सुईने किंचित उचलून आत उजेड टाकला की पुरते. ज्यांनी आपल्या हॅटविषयी अजून लिहिलेले नाही त्यांनी लिहावे. विशेषतः कोणी साखरेच्या पाण्याने कडक केलेली पोर्क पाय, म्हणजे सपाट, बसक्या माथ्याची हॅट, वापरत असेल (मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन आपल्या हॅट फेडोरा कापून तशाच बनवत असे), तर ती घामात कितपत टिकते हे मला जाणून घ्यायचे आहे.